फर्स्ट-पर्सन शूटर खेळायला लागताना: मशीन, सेटिंग्ज आणि कोणत्या टप्प्यावर कोणता गेम

मित्रांनी ओढलं म्हणून थेट काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंटमध्ये उतरायचं, कोण कुठून गोळी मारून गेलं हे मॅचभर कळायचं नाही, आणि ‘हे आपल्याला जमणारं नाही’ म्हणत आठवड्याभरात गेम उडवून टाकायचा. फर्स्ट-पर्सन शूटरशी, म्हणजे पात्राच्याच डोळ्यांनी बघत गोळ्या झाडायच्या गेमशी, बऱ्याच जणांची पहिली ओळख अशी होते. दोष हाताचा नसतो, क्रमाचा असतो. ऑनलाइन गेम शिकवायला बसलेले नसतात. समोरचा माणूस हजारो तास खेळून आलेला असू शकतो. शिकवण्याचं काम कॅम्पेनवाले, म्हणजे एकट्यानं खेळायचे गेम करतात, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत असे गेम चांगले आलेत.

म्हणून क्रम असा ठेवू: आधी मशीन, मग सेटिंग्ज, मग एकट्यानं एक गेम, मग ओळखीच्या लोकांबरोबर एक, आणि अनोळखी लोकांशी स्पर्धा अगदी शेवटी. आर्क रेडर्स आणि हेलडायव्हर्स २ इथे सापडणार नाहीत. दोन्ही झकास आहेत, पण त्यांत कॅमेरा पात्राच्या पाठीमागे असतो, त्यामुळे ते या जातीतले नाहीत.

पायरी १: विकत घेण्याआधी मशीन तपासा

‘मिनिमम रिक्वायरमेंट्स’ची यादी वाचताना बहुतेक जण रॅम आणि प्रोसेसर बघून पुढे जातात. हल्ली घोडं अडतं ते दोन वेगळ्याच ठिकाणी.

पहिलं ठिकाण ग्राफिक्स कार्ड. मे २०२५मध्ये आलेल्या डूम: द डार्क एजेसला रे-ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढण्याचं) हार्डवेअर असलेलं कार्ड अधिकृतपणे सक्तीचं आहे. सेटिंग्ज कितीही खाली आणल्या तरी जुन्या कार्डावर तो चालेल असं गृहीत धरू नका. उलट काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंट बऱ्यापैकी साध्या कॉम्प्युटरवरही चालतात.

दुसरं ठिकाण अँटी-चीट, म्हणजे फसवून खेळणाऱ्यांना रोखणारं सॉफ्टवेअर. बॅटलफिल्ड ६ला पीसीवर सिक्युअर बूट (कॉम्प्युटर सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असावं लागतं; विंडोज ११वर व्हॅलोरंटलाही सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप दोन्ही लागतात. विंडोजमध्ये ‘सिस्टिम इन्फॉर्मेशन’ उघडा आणि ‘बायोस मोड’ व ‘सिक्युअर बूट स्टेट’ या दोन ओळी वाचा. मोड यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचा, असेल आणि सिक्युअर बूट नुसतं बंद असेल, तर बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) जाऊन चालू केलं की काम झालं. पण मोड ‘लेगसी’ दिसला तर हात आवरा. अशा वेळी विंडोजची डिस्क बहुधा जुन्या एमबीआर पद्धतीची असते; ती आधी नव्या जीपीटी पद्धतीत बदलून न घेता बायोस बदललं तर विंडोज सुरूच होणार नाही. डेटाचा बॅकअप घ्या, डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवा, आणि मगच पुढे जा. लिनक्स किंवा स्टीम डेकवर खेळणाऱ्यांनी या दोन गेमचा नाद सोडलेला बरा. काउंटर-स्ट्राइक २ मात्र लिनक्सवर थेट चालतो.

स्टीम या ऑनलाइन दुकानातून गेम घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ २ तासांपेक्षा कमी असेल तर पैसे परत मिळतात. यात एक मेख आहे. बरेच नवे गेम पहिल्यांदा उघडल्यावर शेडर्स (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल करत, म्हणजे तुमच्या कार्डासाठी तयार करत, बसतात आणि तो वेळही त्या दोन तासांतच धरला जातो. ‘नंतर बघू’ म्हणून गेम मेनूवर सोडून जेवायला गेलात तर परताव्याचा हक्क आपोआप निघून जाईल. शेडर्सचं काम मात्र पूर्ण होऊ द्या. ते मध्येच तोडून खेळायला लागलं की प्रत्येक नव्या खोलीत गेम अडखळतो आणि लोक गेमला शिव्या घालतात.

पायरी २: सेटिंग्ज. इथे घाई करू नका

नवा माउस किंवा नवा हेडफोन घेण्याआधी हा अर्धा तास द्या. याच्याइतका फरक खरेदीनं क्वचितच पडतो.

मॉनिटरपासून सुरुवात करू. १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणून विंडोजमध्ये तो ६० हर्ट्झवरच चालवणारे लोक तुम्हाला वाटतात त्याहून बरेच असतात. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडून रिफ्रेश रेट खात्रीनं बघा. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहतं, १४४ला ६.९. वळताना शत्रूची आकृती धुरकट न दिसता स्वच्छ दिसते, ती याच फरकामुळे.

मग गेममध्ये शिरा आणि मोशन ब्लर, फिल्म ग्रेन, क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन हे तिन्ही बंद करा. हेड बॉब आणि कॅमेरा शेक शून्यावर किंवा शक्य तितके खाली आणा. या गेममुळे ज्यांना मळमळतं त्यांच्यासाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. मळमळीचं आणखी एक मोठं कारण म्हणजे अरुंद फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याचा कोन. मॉनिटरसमोर बसत असाल तर तो ९० ते १०५च्या दरम्यान ठेवा. सोफ्यावरून टीव्हीकडे बघत असाल तर ८०च्या आसपासही चालतो. काही गेम आडवा कोन मोजतात, काही उभा, त्यामुळे एका गेममधला आकडा दुसऱ्यात डोळे मिटून टाकू नका. काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंटमध्ये हा कोन बदलताच येत नाही. मळमळायला लागलं तर लगेच थांबा. ‘सवय होईल’ म्हणत रेटलं की उलट त्रास वाढतो.

फ्रेम जनरेशन हे नवं आमिष. डीएलएसएस किंवा एफएसआरचं साधं अपस्केलिंग (लहान चित्र काढून ते मोठं करणं) वापरायला हरकत नाही, त्यानं फ्रेम्स खरोखर वाढतात. फ्रेम जनरेशनमध्ये मधली चित्रं बनवून घातली जातात. पडदा गुळगुळीत दिसतो, पण तुमचं बटण दाबणं आणि बंदूक चालणं यातलं अंतर कमी होत नाही, थोडं वाढतंच. स्टॉकर २सारख्या गेममध्ये चालेल. ऑनलाइन शूटरमध्ये बंद.

आता माउस. विंडोजमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद करा आणि माउसचा डीपीआय (इंचभर हालचालीला तो किती ठिपके मोजतो) ८००वर ठेवा. नवखा खेळाडू सेन्सिटिव्हिटी जवळजवळ नेहमीच जास्त ठेवतो, कारण मागे वळायला सोपं जातं. पण मागे वळण्याची वेळ क्वचित येते. डोक्यावरून दोन मिलिमीटर घसरलेला नेम सावरायचं काम मात्र दर चकमकीत करावं लागतं. आपला वेग मोजायची सोपी रीत अशी: गेममध्ये एखाद्या खांबावर नेम धरा, माउस एका दिशेनं सरकवत पूर्ण गोल फिरून पुन्हा त्याच खांबावर या, आणि माउस किती सेंटिमीटर गेला ते पट्टीनं मोजा. ३० ते ४५च्या दरम्यान असेल तर उत्तम. काउंटर-स्ट्राइक २मध्ये ८०० डीपीआय आणि १.२५ सेन्सिटिव्हिटीला हे अंतर साधारण साडेएकेचाळीस सेंटिमीटर येतं. तोच वेग व्हॅलोरंटमध्ये हवा असेल तर काउंटर-स्ट्राइकच्या आकड्याला ३.१८नं भागा, म्हणजे १.२५चे ०.३९३ होतील. एकदा ठरलं की महिनाभर तो आकडा हलवायचा नाही, कितीही वाईट मॅच गेली तरी.

कंट्रोलरवाल्यांसाठी एवढंच: डेडझोन (स्टिकची जेवढी हालचाल गेम मोजतच नाही तो भाग) खाली आणत जा. स्टिकला हात न लावता दृश्य आपोआप सरकू लागलं की एक पायरी वर घ्या आणि तिथेच थांबा.

आवाजासाठी साधा स्टिरिओ हेडफोन पुरतो. गेमचा स्वतःचा थ्रीडी ऑडिओ चालू असेल तर विंडोजचा किंवा हेडफोनच्या सॉफ्टवेअरचा सराउंड बंद करा. दोन प्रक्रिया एकावर एक चढल्या की पावलं डावीकडून येतात की मागून, तेच कळेनासं होतं.

पायरी ३: पहिला गेम एकट्यानं

सगळ्यात पहिला गेम म्हणून माझी शिफारस थोडी अनपेक्षित आहे: नोव्हेंबर २०२३मध्ये आलेला रोबोकॉप: रोग सिटी. टेयॉन या पोलिश स्टुडिओचा. यातला नायक धावपळ करत नाही. जड पावलांनी खोलीत शिरतो, गोळ्या अंगावर झेलतो आणि शांतपणे एकेक माणूस टिपतो. नव्या खेळाडूला नेमकी हीच उसंत लागते. हालचाल आणि नेम दोन्ही एकदम सांभाळावे लागत नाहीत, म्हणून हात फक्त नेमावर बसतो. गेम म्हणून तो क्रांतिकारक नाही, मध्ये मध्ये कामं कंटाळवाणीही आहेत. पहिल्या पायरीला ते खपतं.

त्यानंतर डूम: द डार्क एजेस. आयडी सॉफ्टवेअरचा २०२०चा डूम इटर्नल म्हणजे उड्या, डॅश आणि चार शस्त्रांची एकसारखी अदलाबदल, सरावाच्या खेळाडूचीही दमछाक करणारा. डार्क एजेसनं हे चक्र उलटं फिरवलं. इथे हातात ढाल आहे आणि पाय रोवून उभं राहायचं आहे. राक्षसाकडून येणाऱ्या माऱ्यात काही गोळे हिरवे असतात. बाकीचे चुकवायचे, हिरव्याच्या आडवं जायचं आणि तो पोचता पोचता ढाल वर करायची. वेळ साधली की गोळा फेकणाऱ्यावरच उलटतो, आणि कानात जो ‘खण्ण’ घुमतो त्यासाठी पुन्हा पुन्हा माऱ्यात शिरावंसं वाटतं.

या गेमची खरी देणगी मात्र डिफिकल्टीच्या पानावर दडलेली आहे. पॅरीसाठी, म्हणजे ढालीनं मारा परतवण्यासाठी, मिळणारा वेळ, शत्रूंच्या गोळ्यांचा वेग, तुम्हाला होणारी इजा, अख्ख्या गेमचा वेग, सगळ्यांना वेगवेगळे स्लायडर आहेत. सुरुवातीला पॅरीची मुदत वाढवा आणि बाकी जसंच्या तसं ठेवा. थोडे टप्पे झाले की मुदत एक खूण कमी करा. डिफिकल्टी सरसकट ‘ईझी’ करण्यापेक्षा हे फार बरं. तिथे शत्रू इतके मऊ होतात की ढाल उचलायची गरजच पडत नाही, आणि मग शिकायचं काय?

टायटनफॉल २ हा २०१६चा, म्हणजे ‘अलीकडचा’ म्हणता येणार नाही. तरी सांगतोच. भिंतीवरून धावण्याचा सराव याच्याइतका गोडीनं दुसरा कुणी देत नाही, कॅम्पेन दोन-तीन बसण्यांत संपतं, आणि मनगटावरच्या यंत्रानं भूतकाळ व वर्तमानात उड्या मारायला लावणारा ‘इफेक्ट अँड कॉज’ हा टप्पा आजही नव्या गेमना लाजवतो.

स्टॉकर २: हार्ट ऑफ चोर्नोबिल २० नोव्हेंबर २०२४ला आला तेव्हा बगांनी भरलेला होता. जीएससी गेम वर्ल्ड या युक्रेनियन स्टुडिओनं युद्धाच्या काळात तो पुरा केला, आणि नंतरच्या पॅचेसनी बराच सावरलाय. वातावरण जबरदस्त: समोरची हवा थरथरतेय, म्हणजे तिथे अदृश्य सापळा असणार, म्हणून खिशातला बोल्ट फेकायचा, तो कुठे उडतो ते बघायचं आणि त्या अंदाजानं वाट काढायची. पण हा पहिला गेम म्हणून घेऊ नका. गोळ्या कमी, बंदुका अडकतात, पाठीवर ओझं, आणि गेम काहीच समजावून सांगत नाही. दोन कॅम्पेन झाल्यावर हाच रुक्षपणा आवडू लागतो.

वेगाची नशा हवी असेल तर अल्ट्राकिल. २०२०पासून अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आहे. जखम भरायची तर शत्रूच्या अंगावर जाऊन त्याच्या रक्तात भिजावं लागतं, त्यामुळे आडोशाला लपण्याची सवय पहिल्याच तासात मोडते. डेमो फुकट आहे, आधी तो खेळा.

पायरी ४: ओळखीच्या लोकांबरोबर, शत्रू कॉम्प्युटरचा

माणसांविरुद्ध जाण्याआधी माणसांबरोबर खेळायची सवय हवी. कुठे उभं राहायचं, काय बोलायचं, कधी गप्प बसायचं. यासाठी डीप रॉक गॅलेक्टिकला आजही तोड नाही. घोस्ट शिप गेम्सचा हा गेम मे २०२०मध्ये पूर्ण स्वरूपात आला. चार बुटके खाणकामगार, दर वेळी नव्यानं तयार होणाऱ्या गुहा, आणि चौघांची चार वेगळी कामं. छतात उंचावर खनिजाची शीर चमकतेय असं समजा. स्काउट आकड्याच्या दोरानं वर जाऊ शकतो, पण टेकायला जागा नाही. मग तो नुसती खूण करतो; खालून इंजिनिअर त्या शिरेखाली एक फळी झाडतो; स्काउट झेप घेऊन फळीवर उतरतो आणि खणायला लागतो. तोंडातून एक शब्द न काढता हे सगळं पार पडतं, अनोळखी माणसांमध्येसुद्धा. इथली मंडळीही गोड आहेत. नवख्याला हाकलणारा माणूस क्वचित भेटतो.

पायरी ५: मोठ्या मैदानात

माणसांविरुद्धची पहिली चव बॅटलफिल्ड ६मध्ये घ्या. १० ऑक्टोबर २०२५ला आला. एका मैदानात ६४पर्यंत खेळाडू असतात, त्यामुळे एकट्याच्या चुका गर्दीत विरघळतात. नवख्यानं सपोर्ट किंवा इंजिनिअरची भूमिका घ्यावी. नेम कच्चा असला तरी पडलेल्याला आडोशाला ओढत नेऊन उठवता येतं, रणगाड्याच्या मागे बसून तो दुरुस्त करता येतो, आणि गुण मिळतात ते याचेच. मारलेल्यांचा आकडा बघायचा नाही. झेंड्यावर किती वेळ टिकलो ते बघायचं.

कॉल ऑफ ड्यूटीमध्ये ब्लॅक ऑप्स ६, ऑक्टोबर २०२४चा, कॅम्पेनसाठी अजूनही घेण्यासारखा आहे. पुढच्या वर्षीच्या ब्लॅक ऑप्स ७चं कॅम्पेन मुळात को-ऑपसाठी, म्हणजे एका बाजूनं मिळून खेळण्यासाठी, बांधलंय आणि त्याला सतत इंटरनेट लागतं. एकट्यानं निवांत खेळणाऱ्याला ते रुचणार नाही. मल्टिप्लेअर दोन्हींचा वेगवान आहे. ब्लॅक ऑप्स ६पासून कोणत्याही दिशेला धावता, घसरता आणि झेपावता येतं, आणि समोरचा माणूस मागे पडता पडता तुम्हाला टिपतो.

फुकटात काही वेगळं हवं असेल तर डिसेंबर २०२३चा द फायनल्स. तिघांचा संघ, आणि इमारती खरोखर कोसळतात. विरोधी संघ वरच्या मजल्यावर पैशांच्या यंत्राला गराडा घालून बसलाय? जिन्यानं जाऊ नका. खालच्या खोलीत जाऊन छत उडवा, यंत्र थेट तुमच्या पायाशी येऊन पडेल.

पायरी ६: आता काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंट

दोन्हींपैकी एकच निवडा. दोन्हींत १३ राउंड आधी जिंकणारा संघ मॅच घेतो, दोन्ही फुकट आहेत, दोन्हींत एकदा मेलात की राउंड संपेपर्यंत बघत बसायचं. काउंटर-स्ट्राइक २ सप्टेंबर २०२३मध्ये आला, त्यात एका बाजूच्या सगळ्यांना तीच शस्त्रं आणि तेच ग्रेनेड मिळतात. व्हॅलोरंट जून २०२०चा, त्यात प्रत्येक पात्राच्या शक्ती वेगळ्या, म्हणजे पाठ करायला जास्त. मला स्वतःला काउंटर-स्ट्राइक स्वच्छ वाटतो. मित्र जिथे आहेत तिथे जा, हे उत्तरही तितकंच योग्य.

मॅच लावण्याआधी दोन गोष्टी घोटून घ्या. पहिली, क्रॉसहेअर, म्हणजे पडद्यावरची नेमाची खूण, कुठे धरायचा. नवखा खेळाडू चालताना जमिनीकडे बघतो. मग शत्रू दिसतो, माउस वर जातो, डोकं ओलांडून पुढे जातो, परत खाली येतो. एवढ्यात खेळ आटोपलेला असतो. रिकाम्या मॅपवर एकटेच फिरा आणि प्रत्येक कोपऱ्याशी, तिथे कुणी उभं असतं तर डोकं जिथे आलं असतं, तिथे नेम धरून पुढे सरका. कोपरा एकदम उघडू नका, तुकड्या-तुकड्यानं उघडा. गोळी झाडायचीच नाही. हा व्यायाम नीरस आहे, आणि यासारखा फायद्याचा दुसरा नाही.

दुसरी गोष्ट थांबणं. या गेममध्ये चालताना झाडलेली गोळी कुठेही जाते. ‘डी’ दाबून उजवीकडे सरकत असाल तर ‘डी’ सोडून क्षणभर ‘ए’ टोचा. पाय जागीच थिजतो आणि त्याच क्षणी गोळी झाडायची. भिंतीसमोर उभे राहा: सरका, टोचा, झाडा. भिंतीवरचं छिद्र नेमाच्या ठिपक्यावर पडलं तर वेळ जुळली, भलतीकडे पडलं तर बोट लवकर किंवा उशिरा गेलं. काही नव्या कीबोर्डवर हे आपोआप करून देणारी सोय असते. काउंटर-स्ट्राइक २च्या अधिकृत सर्व्हरवर तिला ऑगस्ट २०२४पासून मनाई आहे, चालू ठेवलीत तर मॅचमधून बाहेर काढतात. कीबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन ती बंद करा.

काउंटर-स्ट्राइकमध्ये हल्ला करणाऱ्यांची एके-४७ हेल्मेटवाल्यालाही डोक्यात एका गोळीत पाडते, बचाव करणाऱ्यांची एम४ पाडत नाही. नेम जमू लागल्यावर अ‍ॅटॅकच्या बाजूनं खेळणं सोपं का वाटतं, त्याचं एक कारण हे. शक्य असेल तर वाय-फाय सोडून केबल लावा. स्किन्सनी, म्हणजे शस्त्रांच्या नुसत्या रंगरूपानं, नेम सुधारत नाही, आणि त्यांसाठी केस (आत काय निघेल ते न सांगणारी पेटी) उघडणं म्हणजे निव्वळ जुगार आहे. पहिले काही महिने त्यात एक पैसाही घालू नका.

ज्यांची घाई नको

हंट: शोडाउन १८९६ आणि एस्केप फ्रॉम टारकॉव्ह हे दोन्ही गेम अप्रतिम आणि निष्ठुर आहेत. हंटमध्ये बंदुका एकोणिसाव्या शतकातल्या, एकेक गोळी भरायला वेळ लागतो, आणि मारेकरी बंदुकीपेक्षा कानच जास्त वापरतो: पायाखाली काच चुरडली, झाडावरचे कावळे उडाले, की तुमचा पत्ता सगळ्यांना कळला.

टारकॉव्ह आठ वर्षांहून अधिक काळ बीटामध्ये काढून १५ नोव्हेंबर २०२५ला १.० झाला. मेलात की अंगावरचं जवळजवळ सगळं सामान गेलं. नकाशावर तुम्ही कुठे आहात हे तो दाखवत नाही. तरी मन होतच असेल तर आधी सरावाच्या ऑफलाइन रेडमध्ये (फेरीत) एकच नकाशा पायाखाली घाला, आणि मग काही दिवस ‘स्कॅव्ह’ म्हणूनच उतरा. त्याला गेम स्वतःच फाटकं-तुटकं सामान देतो. ते गेलं तर तुमच्या पेटीतलं काही जात नाही, जिवंत बाहेर पडलात तर मिळालेलं सगळं तुमचं.